पक्कं, काठावर, हट्ट

"पक्कं," सर म्हणाले आणि मार्कांचा कागद परत दिला. "पहिल्या पसंतीला बिनधास्त लिहा. पुढचे!"

समोरच्या बाप-लेकाचे चेहरे असे उजळले, जणू कॉलेज त्यांच्या नावावरच झालं. बाप आभाराचं काहीतरी बोलू लागला, पण सरांचा हात दाराकडे गेला होता. बाहेर जिन्यापासून सुरू झालेली रांग पार मैदानापर्यंत पोचली होती. सरांची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची जुनी कोठी. तिच्यात एक टेबल, तीन खुर्च्या आणि कोपऱ्यात हवा गेलेले चेंडू. आत आलेल्या माणसाला वळायला जागा नव्हती, आभार मानायला तर मुळीच नव्हती.

सर खरं म्हणजे गणिताचे. पण बारावीच्या निकालानंतरचा हा आठवडा कित्येक वर्षं त्यांचाच असे. कोणत्या मुलाला कोणतं कॉलेज मिळेल हे ते मार्क बघून सांगत आणि ते सांगतील तसंच होई. मुलांनी त्यांचं नाव 'हवामान खातं' ठेवलं होतं, कारण ते अंदाज देत. फरक एवढाच, की या खात्याचा अंदाज चुकत नसे. सरांना हे नाव ठाऊक होतं. शाळेत ते ऐकू आलं की कपाळाला आठ्या घालत आणि घरी गेल्यावर बायकोला आवर्जून सांगत.

अंदाजाचे शब्द तीनच. पक्कं म्हणजे मिळणार. काठावर म्हणजे मिळेल किंवा मिळणारही नाही, जबाबदारी तुमची. आणि तिसरा हट्ट. हट्ट म्हणजे ते कॉलेज डोक्यातून काढून टाका, हा निव्वळ पोराचा हट्ट आहे. जुन्या पालकांना हे शब्द पाठ होते. खोलीतून बाहेर पडलेल्याला रांगेतले लोक "काय निघालं?" म्हणून विचारत. "काठावर" म्हटलं की हळहळत. "हट्ट" म्हटलं की कोणी काही बोलत नसे, बाजूला सरकून वाट करून देत.

हा सगळा खटाटोप पसंतीच्या नियमापायी. मुलांनी कॉलेजांची नावं क्रमाने लिहून द्यायची, पण प्रत्येक कॉलेज आधी विचार करणार तो आपल्याला पहिलं लिहिणाऱ्यांचाच. दुसऱ्या पसंतीवाल्यांच्या वाट्याला उरलंसुरलं, आणि नाव घेण्यासारख्या कॉलेजात उरत काहीच नसे. म्हणजे डाव एकच. पहिल्या पसंतीला भलतंच मोठं नाव लिहिलं आणि ते हुकलं, की हाताशी असलेलं मधलं कॉलेजही तोवर भरून गेलेलं असे.

आता आत आली ती लॉन्ड्रीवाली. शाळेसमोरच तिचं दुकान, सरांचे शर्ट तिच्याकडेच इस्त्रीला जात. पण या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. मागे तिची मुलगी, सरांच्या मुलीच्याच वर्गातली.

"सर, हिला घरं बांधायचं शिकायचंय. ते आर्किटेक्चर. ते मोठं कॉलेज नाही का, टेकडीवरचं? तिथे."

सरांनी कागद पाहिला. ब्याण्णव. टेकडीवरचं कॉलेज गेल्या कित्येक वर्षांत पंचाण्णवच्या खाली उतरलं नव्हतं. तेवढ्यात घंटा झाली आणि शिपाई दारात येऊन उभा राहिला, मोठ्या बाईंनी बोलावलं होतं.

"हट्ट," सर उठता उठता म्हणाले.

"हट्ट?" लॉन्ड्रीवालीने विचारलं.

"हट्ट," सरांनी ठासून सांगितलं.

"बरं सर," ती म्हणाली आणि मुलीच्या पाठीवर एक थाप मारली. "ऐकलंस ना, सर काय म्हणतायत ते? चल."

सरांना जरा नवल वाटलं. 'हट्ट' ऐकून इतक्या समाधानाने त्या खोलीतून कोणी गेलं नव्हतं. पण मोठ्या बाईंच्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर ते विसरूनही गेले.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचं काम दोन मिनिटांचं होतं, पण त्या सरांबरोबरच स्टाफरूममध्ये आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन म्हणाल्या, "काय सर, यंदा पेशंट घरातच की! आम्हाला बघायचंय, स्वतःच्या लेकीला काय अंदाज देताय ते. की तिच्यापुरतं खातं बंद?"

सगळी स्टाफरूम हसली. सरही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "घरी आणि दारी माप एकच, बाई."

वाक्य झकास पडलं. भूगोलाच्या सरांनी तर मान डोलावून दाद दिली. घरी जाताना सरांनी ते पुन्हा मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि ते दुसऱ्यांदाही तितकंच बरं वाटलं. पुढे जे झालं त्यात या वाक्याचा मोठा हात होता. सरांनी ते कोणाजवळ कबूल केलं नाही, एवढंच.

सरांच्या मुलीला घरात शहाणी म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. खेळण्यांच्या दुकानासमोर दुसरी पोरं भोकाड पसरून जमिनीवर लोळण घेत, तेव्हा ही वरच्या फळीकडे एकदा बघायची आणि बापाचं बोट धरून मुकाट्याने पुढे चालू लागायची. "किती शहाणी हो तुमची मुलगी!" असं जो तो म्हणे. नाव चिकटलं. एकदा नाव चिकटल्यावर बिचारीला तसं वागणं भागच पडलं असावं, पण हा विचार सरांना तेव्हा सुचला नाही. ते चारचौघांत कौतुकाने सांगत, "आमच्या पोरीने आजवर एक हट्ट केला नाही."

तिला नाद एकच. टेप घेऊन ती घर मोजायची. खिडक्या मोजायची, पलंगाखालची जागा मोजायची, शेजाऱ्यांच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची घ्यायची आणि "या जिन्यावरून उतरताना आजी का अडखळतात ते कळलं मला," असं जेवताना सांगायची. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं की कपाटावर आपटे. राहायला आल्यापासून आपटत होतं. सगळ्यांनी ते अर्धंच उघडून अंग चोरून आत शिरायची सवय लावून घेतली होती. नववीत असताना शहाणीने स्वयंपाकघराचा नकाशा काढला. त्यात दार उलट बाजूला उघडत होतं आणि कपाट मोकळं उभं होतं. "काही तोडफोड नाही बाबा, बिजागऱ्या फक्त इकडच्या तिकडे," ती म्हणाली होती. सर म्हणाले होते, "छान आहे." नकाशा कुठेतरी ठेवला गेला आणि दार आपटत राहिलं.

त्या संध्याकाळी सर घरी आले तेव्हा शहाणी टेबलाशी वाटच बघत होती. आई नुकतीच दवाखान्यातून आली होती. ती नर्स होती, दिवसभर उभी असे, त्यामुळे घरी आल्यावर पहिला अर्धा तास पाय स्टुलावर ठेवून बसे.

"बाबा, मला टेकडीवरचं लिहायचंय," शहाणी म्हणाली. "पहिलं."

आईने पाय खाली घेतले. या घरात 'मला अमुक हवंय' असं वाक्य शहाणीच्या तोंडून आजवर आलं नव्हतं.

सरांनी पिशवीतून जुन्या वर्षांच्या आकड्यांचे कागद काढले. पाठ असलेलेच आकडे पुन्हा एकदा बघितले. शहाणीला त्र्याण्णव होते. चांगले होते, शाळेत नाव निघावं इतके चांगले होते. पण टेकडी म्हणजे टेकडी.

"काठावरसुद्धा नाही गं," ते म्हणाले. "हा हट्ट आहे."

"मग असू दे ना हट्ट," आई म्हणाली. "अहो, जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागतेय ती. लोकांची पोरं रोज उठून करतात, हिला एक करू द्या."

"आणि नाही मिळालं तर? टेकडी तर नाहीच, शहरातलं ते स्टेशनमागचं आर्किटेक्चरचं कॉलेजही हातचं जाईल. ते आज हिला पक्कं आहे. वर्षभर घरी बसवणार आहेस का हिला?"

"बसेल. मी काय उपाशी ठेवणार आहे तिला?"

घरी बसणं म्हणजे काय असतं ते बायकोला माहीत नव्हतं, त्यांना होतं. तरुणपणी त्यांनीही पहिल्या पसंतीला असंच एक मोठं नाव लिहिलं होतं आणि ते थोडक्यात हुकलं होतं. त्यांचे वडील एका शब्दाने बोलले नव्हते. फक्त जेवणाच्या वेळी रेडिओचा आवाज थोडा वाढवायचे. ते वर्ष सर अजून विसरले नव्हते. आपल्या पोरीला ते दिवस दाखवायचे नाहीत, हे त्यांच्या मनात अगदी खरं होतं. कोणी त्यांच्या मायेबद्दल शंका घेऊ नये.

"हे बघ," ते शहाणीकडे वळून म्हणाले, "तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी काय सांगितलं असतं?"

"हेच."

"मग?"

"पण मी दुसरं कोणी नाहीये ना, बाबा."

या एका वाक्यावर सरांनी कागद गुंडाळून ठेवायला हवे होते. पण त्यांच्या डोळ्यांसमोर स्टाफरूम आली. पोरीचा नंबर लागला नाही, तर मोठ्या बाई चहाचा कप हातात घेऊन काय म्हणतील तेही ऐकू आलं. इतक्या वर्षांत न चुकलेलं खातं चुकलं, आणि तेही घरच्याच पोरीपायी. असं काही आपल्या मनात यावं याची त्यांना लाज वाटली, पण आलं ते आलंच.

"मी तुझ्या भल्याचंच सांगतोय," ते म्हणाले.

शहाणी थोडा वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुम्ही म्हणाल तसं."

"बघ," सर सुटल्यासारखे बायकोला म्हणाले, "आहे की नाही शहाणी?"

बायको उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दार कपाटावर आपटलं. रोज आपटायचं त्यापेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरवर पसंती भरल्या. सर शहाणीच्या खुर्चीमागे उभे होते. पहिलं स्टेशनमागचं. टेकडीवरचं दुसरं, तेही नुसतं शोभेला.

"दाबू?" तिने मागे न बघता विचारलं.

"तूच दाब," सर म्हणाले. उद्या कोणी म्हणायला नको, की बापाने दाबलं म्हणून.

तिने दाबलं.

याद्या लागल्या त्या दिवशी सकाळीच शहाणीचं नाव स्टेशनमागच्या कॉलेजात झळकलं. वरून दुसरंच होतं. सर शाळेत गेले ते ताठ मानेने. "पक्कंच होतं," ते मोठ्या बाईंना म्हणाले, आणि मोठ्या बाईंनीही मोकळ्या मनाने कबूल केलं, की दुसरा कोणी बाप असता तर मोहात पडला असता. दिवसभरात बरेच पालक येऊन गेले. ज्याला पक्कं सांगितलं होतं त्याला मिळालं होतं. काठावरचे काही तरले होते, काही बुडाले होते. खातं आपलं नेहमीसारखं चालू होतं.

चार वाजता भूगोलाचे सर फोनमध्ये बघत बघत आले. "सर, टेकडीवरचं कितीवर थांबलं बघितलंत का?"

"पंचाण्णव. फार तर साडेचौऱ्याण्णव."

"साडेएक्याण्णव."

"चष्मा बदला," सर हसून म्हणाले आणि फोन हातात घेतला. साडेएक्याण्णवच होतं. त्यांनी फोन जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"यंदा म्हणे कोणी पहिलं लिहिलंच नाही," भूगोलाचे सर रंगात आले होते. "मिळणार नाही, मिळणार नाही करून सगळ्या शाळांनी पोरांना इतकं घाबरवून सोडलं, की कॉलेजवर वाट बघायची पाळी आली. आता प्रत्येक शाळेत एक हवामान खातं असणारच की, तुमच्यासारखं! सगळ्यांचा अंदाज एकच. मग काय, पाखरू फिरकलं नाही तिकडे. कमाल आहे ना? समजा तुमच्या शहाणीने..."

आणि ते थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांना आता कळलं. त्र्याण्णवातून साडेएक्याण्णव गेले, ही वजाबाकी करायला तिथे कोणालाच गणित लागत नव्हतं. सरांनी फोन परत दिला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. खुर्च्यांवरचे लोक पाय आत घेऊन बाजूला सरकले. त्यांनी सरांना वाट करून दिली.

सर थेट प्रवेशाच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकीशी रांग होती. ज्यांच्या दारात आयुष्यभर लोकांच्या रांगा लागल्या, ते आज रांगेत उभे राहिले. पुढे एक बाई रडत होती, तिच्या मुलाला कुठेच काही मिळालं नव्हतं. सरांचा नंबर आला तेव्हा खिडकीतला कारकून दमलेला होता.

"पहिली पसंती मिळाली नाही?" त्याने न बघता विचारलं.

"मिळाली."

"मिळाली?" आता त्याने वर पाहिलं. "मग काय दुखतंय तुमचं?"

"पसंती बदलायची होती. मुलीला टेकडीवरचं... तिचे मार्क बसतायत त्यात."

"अहो काका, पहिली लिहिलीत ती मिळाली. ज्याला हवं ते मिळतं तो कधी इथे येत नाही, तुम्ही पहिलेच. तेच हवं होतं म्हणून तर लिहिलंत ना?"

मागच्या माणसाने कोपराने हलकेच ढकललं, तसे ते बाजूला झाले.

घरी पोचले तर बायको दारातच होती. तिच्यापर्यंत बातमी आधीच आली होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं.

"पक्कं आहे म्हणाले," सर म्हणाले. "बदलत नाही."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तरी सरांनी ऐकून घेतल्या असत्या. ती फक्त चपला पायात सरकवून त्या आठवड्यातल्या रात्रपाळीला निघून गेली, वेळेच्या बरीच आधी.

शहाणी आतल्या खोलीत कपाट आवरत होती. सर दारात उभे राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवून आले होते.

"कळलं मला, बाबा," तीच म्हणाली. "जाऊ दे. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

तिने ते अगदी सहज म्हटलं, सांत्वन म्हणून म्हटलं. सरांच्या ते काळजात घुसलं. साऱ्या गावाने ज्यांना 'सरांना माहीत असतं' म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांना घरच्या पोरीने माफ केलं ते या शब्दांनी.

तेवढ्यात बेल वाजली. शहाणीनेच जाऊन दार उघडलं. लॉन्ड्रीवाली होती. हातात सरांचे शर्ट, घडी घालून, कागदात गुंडाळलेले. एरवी शर्ट दुकानातून आणावे लागत, आज ती स्वतः घेऊन आली होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सर! लागला नंबर! टेकडीवर!" ती उंबऱ्यातूनच ओरडली. "अगदी शेवटून लागला असेल, पण लागला!"

सर खुर्चीचा हात धरून उभे होते.

"तुमच्यामुळे, सर. नाहीतर आम्हाला कोण सांगणार होतं? पोरीचा मामा म्हणत होता, स्टेशनमागचं लिहा, हातचं घालवू नका. दुकानात येणारी गिऱ्हाइकंही तेच म्हणायची. मी सगळ्यांना सांगितलं, सर स्वतःच्या तोंडाने म्हणालेत, हट्ट! दोनदा विचारलं मी त्यांना. दोन्ही वेळा म्हणाले, हट्ट! म्हटलं पोरी, एवढा मोठा माणूस सांगतोय हट्ट धर म्हणून, तर धरायचा. इकडचं जग तिकडे झालं तरी सोडायचा नाही. आणि पोरीने दाबलं बघा पहिलं!"

शहाणीने बापाकडे पाहिलं. तिला सगळं लख्ख कळलं होतं. ते तीन शब्द आणि त्यांचे अर्थ तिला लहानपणापासून पाठ होते. आणि ती हसायला लागली. कुत्सित नाही, अगदी खरंखुरं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लॉन्ड्रीवालीला वाटलं, मैत्रिणीच्या आनंदात पोर सामील झाली, म्हणून तीही हसू लागली. दोघी हसत होत्या आणि सर मधे उभे होते.

"बाई," सर कसेबसे म्हणाले, "ऐका. मला तसं म्हणायचं नव्हतं. माझा अर्थ वेगळा होता."

"असू द्या, असू द्या. मोठी माणसं असंच म्हणतात," ती म्हणाली. "स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत." मग शर्ट शहाणीच्या हातात देत तिने विचारलं, "आणि तुझं गं? तूही तिकडेच ना? दोघी एकत्र राहाल, मला घोर नाही."

"मी स्टेशनमागचं लिहिलं होतं, काकू," शहाणी डोळे पुसत म्हणाली. "पहिलं."

"हो?" लॉन्ड्रीवाली क्षणभर गोंधळली. सरांकडे बघितलं, शहाणीकडे बघितलं. "पण सर तर घरातच होते की तुझ्या."

मग शहाणीने "तिला सांगा, मी उद्या येते भेटायला," असं म्हटलं आणि दार हळूच लावून घेतलं. शर्ट कपाटात ठेवले, आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. दार अर्धंच उघडून, अंग चोरून गेली.

पुढच्या आठवड्यात सरांनी सुतार बोलावला. बिजागऱ्या इकडच्या तिकडे करायला त्याला चहा निवेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. दार आता उलट बाजूला उघडू लागलं, कपाट मोकळं झालं. सरांनी ते तीन-चारदा उघडून बंद करून पाहिलं. शहाणी घरी आली, स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली. सर वाट बघत होते.

"दार नीट केलं," शेवटी न राहवून तेच म्हणाले. "तुझ्या नकाशाप्रमाणे."

"हो, पाहिलं ना," ती म्हणाली. "छान आहे."

होस्टेलला जायच्या आधी बॅग घ्यायची राहिली होती. दोघं बाजारात गेली. बॅगांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ. खाली भिंतीला करड्या आणि काळ्या बॅगा टेकवून ठेवलेल्या, आणि वर छताजवळ आकड्यांना लटकवलेल्या रंगीत. दुकानदाराने खालच्या तीन-चार पुढे ओढून चेन उघडून दाखवल्या. शहाणीने एक करडी बॅग हातात धरून पाहिली, चाकं फिरवून पाहिली. मग तिने मान वर केली. वर एक पिवळी बॅग होती, उन्हासारखी पिवळी. तिच्याकडे तिने एकदा बघितलं आणि पुन्हा खाली करडीच्या चेनकडे वळली.

सरांनी ते पाहिलं. ते बघणं त्यांच्या ओळखीचं होतं. खेळण्यांच्या दुकानांपासून ओळखीचं होतं, फक्त आजवर त्यांना त्याचा अभिमान वाटत आला होता.

"ती पिवळी काढा," ते दुकानदाराला म्हणाले.

"नको बाबा, ही ठीक आहे."

"काढा म्हणतो ना."

दुकानदाराने आकड्याची काठी घेतली. "काका, ती जरा जास्त नाजूक आहे. होस्टेलला ही करडी टिकेल. मळतही नाही."

"मळू दे! टिकू नाहीतर तुटू दे! तुम्हाला काय करायचंय?" सरांचा आवाज चढला. दारातून आत येणारं एक गिऱ्हाईक तिथेच थबकलं. "तिला ती आवडलीय, मी बघितलंय. आवडलीय ना गं तुला? सांग ना. मग तीच घ्यायची. दुसरी घ्यायचीच नाही. मी इथून हलणार नाही!"

त्यांनी करडी बॅग तिच्या हातातून ओढूनच घेतली. चष्मा नाकावरून घसरला होता. दुकानदार काठी तशीच वर धरून कधी बापाकडे, कधी मुलीकडे बघत होता.

शहाणी जवळ आली. तिने सरांचा चष्मा नीट वर सरकवला. मग त्यांच्या हातातली करडी बॅग हळूच सोडवून घेतली आणि खालच्या आवाजात, समजुतीने म्हणाली, "बाबा, हट्ट नका करू."



दुकानदाराने काठी कोपऱ्यात ठेवली. करड्या बॅगेत आकार राहावा म्हणून कागदाचे बोळे कोंबलेले होते. ते त्याने एकेक करून काढले, तशी बॅग चपटी होत गेली. शहाणीने पिशवी नको म्हटलं. चपटी बॅग सरांनी काखेत घेतली आणि लेकीच्या मागोमाग ते दुकानातून बाहेर पडले.